इन्शाची वकिली आणि इन्शाचे जंतू

इन्शा परकार आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. दुबईजवळच्या अजमानमध्ये, घरातल्या तपकिरी सोफ्यावर ती डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती. खरं झोपलेलं पोर कुठलं आणि सोंग घेतलेलं कुठलं, ते आईला बरोबर कळतं म्हणतात. पण तिची आई हलिमा त्या वेळी स्वयंपाकघरात नवऱ्याशी भांडत होती. तिला बघायला फुरसत कुठली?

भांडण अर्धंअधिक होऊन गेल्यावर इन्शाचे कान उघडले.

"माझी पोरगी वकील होणार," अजीज सांगत होता. "काल बघितलंस ना? चॉकलेट खाल्लं नाही म्हणून मला पटवून दिलंन. आणि तोंडाला चॉकलेट लागलेलं होतं!"

"म्हणजे खोटं बोलायला पाठवणार तिला? ती लॅबमध्ये जाणार. परवा बांगड्याचं पोट फाडून बसली होती. त्यानं काय खाल्लं होतं ते बघत."

"मासे बघून कोण लॅबमध्ये जातं?"

"आणि चॉकलेट खाऊन कोण कोर्टात जातं?"

"यल्ला, खलास! मला वाद नको."

"वाद सुरू कुणी केला?"

यात दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. अजीज एका कंपनीचा मंदूब. म्हणजे व्हिसाचे, लायसनचे, सगळ्या सरकारी कामांचे कागद घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर जाणारा माणूस. आयुष्यभर कागदाची ताकद बघितलेली, त्यामुळे जगात कागद वाचणाऱ्याहून मोठा कोणी नाही असं त्याचं ठाम मत. हलिमा एका मेडिकल सेंटरमध्ये लोकांचं रक्त काढायची. मोठमोठे साहेब सुई बघून डोळे मिटतात ते तिनं रोज बघितलेलं. तिच्या मते कागदावर माणूस काहीही लिहील, रक्तात लिहू शकत नाही.

त्या भांडणानंतर दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बोलायचं ते इन्शामार्फत. "पप्पांना विचार, चहा हवाय का." पप्पा समोर दोन हातांवर बसलेले. "अम्मीला सांग, साखर कमी." इन्शा बिचारी दोन्हीकडे मान फिरवून निरोप पोचवत राहिली आणि तिच्या आठ वर्षांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली. मी वकील झाले तर अम्मी बोलायची बंद होणार, लॅबमध्ये गेले तर पप्पा. दोन दिवसांचा हा ताप जन्मभर झाला तर काय करायचं?

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मुलं असल्या गोष्टी सांगत नाहीत, नुसत्या धरून ठेवतात.

बारावी झाली आणि दुबईतल्या एका परदेशी युनिव्हर्सिटीच्या शाखेचं माहितीपत्रक तिच्या हाती आलं. लॉ आणि बायोमेडिकल सायन्स, दोन्ही बरोबर, पाच वर्षं, शेवटी दोन डिग्र्या. इन्शाचा जीव भांड्यात पडला. तिनं घरी सांगितलं तर ज्याला जे ऐकायचं होतं तेवढंच त्यानं ऐकलं. अजीजनं दापोलीला भावाला फोन लावला, "पोरगी वकिलीला लागली, माशाल्ला." हलिमानं श्रीवर्धनला बहिणीला फोन लावला, "पोरगी लॅबच्या लाइनला गेली, माशाल्ला." दोन्ही फोन एकाच खोलीतून झाले आणि दोघांपैकी एकानंही दुसऱ्याला टोकलं नाही. इन्शा मधे बसून केळं खात होती. इतकं शांत तिला कधीच वाटलं नव्हतं.

मग सुरू झाली दोन पिशव्यांची यात्रा. एका पिशवीत कायद्याची उशीएवढाली पुस्तकं, दुसरीत पांढरा कोट, लॅबचा चष्मा, हातमोजे. अजमानहून दुबईच्या बसमध्ये ती दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन बसायची. वर फक्त तिचा स्कार्फ आणि डोळे दिसायचे. पोरगी मुळात ठेंगणी, त्यात चाल लगबगीची. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, पिशव्याच चालल्यात.

एकदा खोट्या कोर्टाचा तास होता, जिथं पोरं वकील वकील खेळतात आणि मास्तर जज्ज होतात. इन्शा घाईघाईत तिथं पांढरा कोट घालून उभी राहिली. मास्तरांनी विचारलं, आरोपीला इंजेक्शन द्यायचंय का? तेव्हापासून तिची मैत्रीण केया तिला दारातच अडवून तपासायची. "कोट? काळा. गुड. आत जा."

बिल्डिंगमध्ये तर तिचं शिक्षण म्हणजे सगळ्यांचाच विषय. शेजारच्या विभावरी काकू पुण्याच्या. जीव लावणाऱ्या, पण शंका आली की ती सोडवल्याशिवाय राहणाऱ्या नव्हेत. लिफ्टमध्ये गाठ पडली की विचारायच्या, "इन्शा, मला एकदा नीट सांग. शेवटी तू होणार कोण?"

"काकू, दोन्ही."

"दोन्ही म्हणजे? सकाळी एक आणि संध्याकाळी एक?"

"म्हणजे समजा दवाखान्यात कुणाचा नमुना बदलला, चुकीचा रिपोर्ट गेला, आणि मॅटर कोर्टात गेलं. तर तिथं असा माणूस लागतो ना, ज्याला दोन्ही कळतं."

"असं वारंवार होतं का गं?" काकू घाबरून विचारायच्या. त्यांची त्याच आठवड्यात शुगरची टेस्ट असायची.

चार वर्षं अशी गेली. दोन शिक्षणं एका डोक्यात शेजारी शेजारी राहत होती, आणि शेजारी राहिलं की जे होतं ते व्हायला लागलं. एकाचं सामान दुसऱ्याच्या घरात जायला लागलं.

वकिलाचं काम कसं, तर आपली बाजू मांडायची. दुसऱ्याच्या बाजूतली भोकं दाखवायची, आपल्या भोकांवर गालिचा टाकून वर उभं राहायचं. लॅबचं काम बरोबर उलटं. आपलंच कुठं चुकलं असेल ते आधी शोधायचं आणि आपणहून सांगायचं. आता खोट्या कोर्टात इन्शा उभी राहिली, छान बोलली, जज्ज झालेले मास्तर मान डोलवायला लागले, आणि शेवटी ती म्हणाली, "माय लॉर्ड, आमच्या साक्षीदाराला लांबचं कमी दिसतं, हेसुद्धा मी प्रामाणिकपणे नमूद करते."

केयानं टेबलाखालून लाथ मारली. उशीर झाला होता. केस गेली.

"हे कुणी विचारलं होतं का?" केया बाहेर आल्यावर ओरडली.

"पण खरं होतं ते."

"खरं होतं ते त्यांनी शोधायचं होतं ना! तू काय फ्री डिलिव्हरी देतेस?"

खोट्या कोर्टातली केस हरून कुणाचं नुकसान होत नाही. खरा घोळ झाला तो चौथ्या वर्षाच्या लॅबच्या परीक्षेत.

ती परीक्षा अशी. प्रत्येकाला एक काचेची नळी देतात, तिच्यावर नंबर. आत जंतू, कुठले ते सांगत नाहीत. काचेच्या पट्टीवर त्यांचा थेंब घ्यायचा, वाळवायचा, आचेवरून फिरवायचा. मग जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलनं धुवायचं, मग गुलाबी रंग. धुऊनही जांभळा राहिला तर एका जातीचा, गुलाबी झाला तर दुसऱ्या. सगळी कसरत त्या धुण्यात. कांदा परतताना जसं एक क्षण इकडंतिकडं झालं की करपतो, तसंच. जास्त धुतलं तर जांभळासुद्धा गुलाबी होऊन बसतो आणि माणूस फसतो.

इन्शाला हे सगळं झोपेत करता आलं असतं. पण तिची नळी आली आणि तिला दिसलं, नळीवरची नंबराची चिठ्ठी सुटून टेबलावर पडली होती. लॅबमधल्या मदतनीस बाईंनी ती सहज उचलली, थुंकी लावल्यासारखी बोटानं दाबली आणि जवळच्या नळीला चिकटवून दिली. ती तीच नळी होती का दुसरी?

दुसऱ्या कुठल्याही पोरीनं हात वर केला असता. पण आदल्याच दिवशी इन्शाचा पुराव्याच्या कायद्याचा पेपर झाला होता आणि तो तिला इतका सुंदर गेला होता की त्याची झिंग उतरली नव्हती. पुरावा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला ती साखळी मधे तुटली तर पुरावा गेला. हे तिनं चार पानं भरून लिहिलं होतं. आता ती साखळी तिच्या डोळ्यांदेखत तुटली होती.

तिनं पेन काढलं. नमुना हाताळण्यात झालेल्या त्रुटी, क्रमवार. मदतनीस बाईंचं नाव माहीत नसल्यामुळे "निळा कोट घातलेली व्यक्ती". कोण कुठं उभं होतं त्याचा एक छोटा नकाशा. आणि शेवटी, अशा परिस्थितीत या नमुन्याबद्दल कोणतंही मत देणं मला उचित वाटत नाही. खाली सही.

वेळ संपली. काचेची पट्टी कोरी. जांभळा रंग बाटलीत जसाच्या तसा.

ईश्वरी मॅडम त्यांच्या लॅबच्या प्रमुख. पन्नाशीच्या, आवाज हळू, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी तिला बोलावून घेतलं. कागद समोर ठेवला.

"तू लिहिलंयस ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. इन्शाला बरं वाटलं. "शंका रास्त आहे. शंका आली तर काय करायचं?"

"नोंदवायची."

"हात वर करायचा, इन्शा. मी नळी बदलून दिली असती. तू दावा दाखल केलास." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "दह्यातले जंतू होते ते. खून झाला नव्हता."

टेस्टच केली नाही तर मार्क कुठून देणार? शून्य. आणि या दुहेरी अभ्यासक्रमाचा नियम असा की लॅबची ही परीक्षा चौथ्या वर्षात पास व्हायलाच हवी. तीन आठवड्यांनी फेरपरीक्षा. तीही गेली तर सायन्सची बाजू बंद, एकट्या लॉवर राहायचं.

बसमध्ये त्या दिवशी दोन्ही पिशव्या मांडीवर होत्या आणि इन्शा लॅबच्या पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती. नापास झाल्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. डोळ्यांसमोर येत होता तो तपकिरी सोफा. अम्मीची बाजू हरणार. इतकी वर्षं दोन्ही पारडी सारखी धरली आणि आता एक आपोआप खाली जाणार. अम्मी "बरं" म्हणेल आणि मग आठवडाभर पप्पांना निरोप पाठवेल.

तिनं घरी सांगितलं नाही. रोज संध्याकाळी लॅबमध्ये सरावाला थांबायची, घरी येईपर्यंत बोटं जांभळी. हलिमा ती बघायची आणि ताट वाढायची. पण रक्त काढणारी बाई ती, तिनं काढायचंच ठरवलं तर कुठूनही काढते. शनिवारी दुपारी जेवणाला रस्सा केलान, भात वाढलान, आणि म्हणाली, "बाय, बोटं दाखव. हे काय?"

इन्शा उठून उभी राहिली. तिनं हे मनात पाठ करून ठेवलं होतं. "अम्मी, पप्पा, मला एक सांगायचंय. आय विल प्रेझेंट बोथ साइड्स."

"आधी बस. भात थंड होतोय," अजीज म्हणाला.

ती बसली आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, निळा कोट, नकाशा, शून्य. हलिमाचा हात वाटीवर थांबला. इन्शानं वडिलांकडे चोरून बघितलं. तिला वाटलं, आता यांच्या चेहऱ्यावर कुठंतरी थोडा आनंद दिसेल.

अजीज लाल झाला होता. "चिठ्ठी त्यांची सुटली आणि नापास माझी पोर? मी येतो सोमवारी. मॅनेजर कोण आहे तिथला?"

"पप्पा, नो! प्लीज!"

"अवो, ते काय ऑफिस आहे का?" हलिमा म्हणाली.

"सगळीकडे एक खिडकी असतेच. खिडकीच्या मागं एक माणूस असतो. त्याच्याशी नीट सलाम-आलेकुम करून बोललं की होतं."

"पप्पा, ऐका तरी." इन्शाला हसावं की रडावं कळेना. "म्हणजे तुम्ही खूश नाही?"

"कशाला खूश होऊ?"

"तुम्हाला वकीलच पाहिजे होती ना. अम्मीला लॅब. तुम्ही दोघं भांडलात त्यावरून. किचनमध्ये. दोन दिवस बोलत नव्हता. मी सोफ्यावर होते, मी सगळं ऐकलं."

नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं. खरोखर कोरे चेहरे.

"कधी गो?" हलिमानं विचारलं.

"मी सेकंडला होते. मी चॉकलेट खाल्लं होतं. आणि बांगड्याचं पोट फाडलं होतं."

हलिमानं कपाळाला आठ्या घालून आठवायला सुरुवात केली. अजीज भाताकडे बघत राहिला. आणि मग हलिमानं टेबलावर हात आपटला.

"हामूर!"

"काय हामूर?"

"हामूरचं डोकं! तुम्ही मच्छी मार्केटात जाऊन एवढा मोठा हामूर कापून घेतलात आणि डोकं तिथंच टाकून आलात!"

अजीजचा चेहरा पडला. त्याला आठवलं. "त्या कापणाऱ्यानं विचारलं, डोकं? मला घाई होती. मी म्हटलं, खलास."

"खलास म्हणे! मी इकडं कोकम भिजत घालून बसले, पाहुणे यायचे, डोक्याचा रस्सा करायचा म्हणून सकाळपासून नारळ खवून ठेवलेला. आणि हे आले हात हलवत. साठ दिरहमचा मासा, तेव्हाचे नऊशे रुपये, आणि चव असते ती सगळी डोक्यात!"

"अजून तेच?"

"अजून तेच! मरेपर्यंत तेच!"

"वन मिनिट," इन्शा म्हणाली. "मग माझं? वकील आणि लॅब?"

"ते होय," हलिमा थोडी ओशाळली. "ते असंच गं. भांडताना माणूस हाताला लागेल ते उचलतं. त्या दिवशी तू हाताला लागलीस."

इन्शानं चमचा खाली ठेवला. "आय डिड अ डबल डिग्री बिकॉज ऑफ अ फिश हेड?"

अजीजनं तोंडातला घास कसाबसा गिळला, पण खांदे हलायला लागलेच. हलिमानं पदर तोंडाला लावला. दोघंही हसत होते आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून हलिमा पहिल्यांदा थांबली. उठून तिच्या मागं आली, डोक्यावर हात ठेवला.

"एवढं धरून बसलीस? वेडी आहेस का? तुला जड होत असेल तर सोड एक. कुठलंही सोड. आम्ही काही बोललो तर सांग."

"कुठलंही," अजीज म्हणाला. "फक्त रडू नको. रस्सा खारट होतो."

आता बघा, माणसाचा स्वभाव कसा असतो. इतकी वर्षं जे ओझं वाटत होतं ते आईबापांनी खांद्यावरून उतरवलं आणि इन्शा अजूनच बावरली. धरून ठेवायला कारण होतं तोवर ठीक होतं. आता कुणी विचारत नव्हतं. फेरपरीक्षेला गेली नाही तरी घरात चहा-साखरेचे निरोप पोचवावे लागणार नव्हते.

"मग सोड ना," केया कँटीनमध्ये म्हणाली. "लॉ कर. निम्मी पुस्तकं. माणसासारखी झोपशील."

"हो ना," इन्शा म्हणाली. दोन दिवस ती "हो ना" म्हणत फिरली.

तिसऱ्या दिवशी लॉच्या वर्गात एक जुनी केस होती. रक्ताच्या रिपोर्टवरून एका माणसाला दोषी धरलं होतं. वर्गातल्या सगळ्यांनी रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट म्हणून पुढचं पान उलटलं. इन्शाचा हात आपोआप वर गेला. "सर, तो नमुना काढल्यावर किती वेळ उन्हात राहिला? गाडीत फ्रीज होता का?" सरांनी पान मागं उलटलं, पुढं उलटलं. लिहिलेलं नव्हतं. त्यावर अर्धा तास वाद झाला. केया स्वतः दोनदा बोलली.

त्याच संध्याकाळी ती लॅबमध्ये सरावाला गेली. खरं तर सामान आवरायला म्हणून गेली होती. पण एक पट्टी रंगवलीच, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. जांभळे मणी दिसले, साखळीत ओवल्यासारखे. शेजारचा मुलगा आपल्या वहीत "हे नक्की अमुकच" असं ठोकून लिहीत होता. इन्शानं त्याला विचारलं, "नक्की? तुझ्याविरुद्ध कोणी उभं राहिलं तर काय सांगशील?" तो गोंधळला, पुन्हा बघायला लागला, आणि त्याचं चुकलं होतं.

इन्शा पट्टी धुताना स्वतःशीच हसली. एका डोळ्यानं बघायची सवयच राहिली नव्हती तिला.

घरी येऊन तिनं सांगितलं, "मी परीक्षा देणार. आणि दोन्ही ठेवणार. पण तुमच्यासाठी नाही हं."

"मग कुणासाठी?" हलिमानं विचारलं.

"माझ्यासाठी."

"बरं झालं," अजीज म्हणाला. "म्हणजे पुढं डोकं दुखलं तर हामूरचं नाव काढायचं नाही."

उरलेले दिवस जेवणाच्या टेबलावर परीक्षा चालू झाली. अजीज फ्रीजमधून बरण्या काढायचा, त्यांवरच्या चिठ्ठ्या सोलून टाकायचा आणि एकेक तिच्यासमोर आदळायचा.

"यात काय आहे?"

"पप्पा, लोणचं. दिसतंय."

"लेबल कुठाय?"

"नाही."

"मग काय करायचं? अर्ज?"

इन्शा उसासा टाकून हात वर करायची.

"शाब्बास! नेक्स्ट."

यात हलिमाची मेथीची आणि कलौंजीची बरणी अशी बदलली की पुढचा महिनाभर भाजीत काय पडेल ते अल्लाला माहीत. तिनं नवऱ्याला चार शब्द सुनावले, पण फार जोरात नाही.

फेरपरीक्षेच्या दिवशी लॅबमध्ये चारच मुलं होती. ईश्वरी मॅडम स्वतः नळ्या वाटत फिरल्या. इन्शानं आपली नळी उजेडात धरली. चिठ्ठी घट्ट चिकटलेली होती. पण शाई जरा पसरली होती, आणि आकडा एक म्हटला तर एक होता, सात म्हटला तर सात.

पेन शेजारीच होतं. हात पेनाकडे गेलाही. मग तो तिथून उचलून तिनं वर केला.

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "आता काय? नकाशा काढायचाय?"

"नाही मॅडम. हा एक आहे की सात?"

मॅडम जवळ आल्या, नळी निरखली. आत जाऊन दुसरी नळी घेऊन आल्या, तिच्यासमोर नळीवर नंबर घातला आणि ठेवून दिली.

इन्शानं थेंब घेतला, वाळवला, आचेवरून फिरवला. जांभळा. आयोडीन. अल्कोहोल धरताना श्वास रोखला. ओघळ रंगहीन झाला त्याच क्षणी हात थांबवला. गुलाबी. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक बारीक गुलाबी काड्या, भाताच्या दाण्यांसारख्या. पुढच्या दोन चाचण्या केल्या, नाव लिहिलं, आणि माझं चुकलं असेल तर कुठं चुकलं असेल तेही खाली लिहिलं. इथं ते लिहायचंच असतं.

निकाल फोनवर आला तेव्हा ती घरीच होती, टेबल पुसत होती. पास. मार्क काही आकाशाला भिडणारे नव्हते. ईश्वरी मॅडमनी तिचं उत्तर बरोबर धरलं होतं, पण "वरील पुराव्यांवरून असं सिद्ध होतं" या वाक्याखाली रेघ मारून लिहिलं होतं, "निरीक्षणांवरून असं दिसतं. सिद्ध करायचं असेल तर वरच्या मजल्यावर जा." लॉचे वर्ग वरच्या मजल्यावर होते.

इन्शानं वाचून दाखवलं. अजीजला विनोद कळला नाही, पण पास हा शब्द कळला. त्यानं लगेच दापोलीला फोन लावला आणि या वेळी "पोरगी दोन्हीमध्ये पास" असं म्हणाला. पलीकडून बहुधा कोणी विचारलं असावं, दोन्ही म्हणजे काय, कारण तो गॅलरीत जाऊन मोठमोठ्यानं समजावू लागला आणि त्याचं निम्मं समजावणं चुकीचं होतं. हलिमानं पोरीला जवळ घेतलं, जांभळं बोट हातात धरून बघितलं आणि म्हणाली, "हे जाईल का गं?"

"आठवड्यात जाईल, अम्मी."

"घासायला लिंबू देते." आणि मग तिला एकदम आठवलं. "अगो, खुबूस नाहीत घरात. बाय, जा, पाच घेऊन ये. बेकरीवाला बंद करेल."

इन्शानं स्कार्फ गुंडाळला, सपाता घातल्या आणि खाली गेली. कोपऱ्यावरच्या पठाणाच्या रोट्यांच्या बेकरीत भट्टी पेटलेली होती, समोर चार माणसं. तिची पाळी आल्यावर पठाणानं काही न विचारता पाच बोटं वर केली. तिनं हो म्हणून मान हलवली. त्यानं गरम खुबूस एकावर एक रचून वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. ते हाताला भाजत होते म्हणून तिनं पुडकं या हातातून त्या हातात करत रस्ता ओलांडला आणि लिफ्टची वाट बघताना वरच्या खुबूसचा कोपरा तोडून तोंडात टाकला.

वर येऊन तिनं पुडकं टेबलावर उघडलं, आणि कोपरा तुटलेला खुबूस तेवढा आपल्या ताटात घेतला.